स्टेम सेल थेरपी करा असं कोणी सांगितलं तर पैसे भरायच्या आधी काय काय बघायचं

माझ्या भाच्याला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं रक्तच न बनण्याचा जन्मजात आजार होता. "होता" असं लिहिताना अजूनही क्षणभर हात थांबतो, कारण सात वर्षांचा होईपर्यंत त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला लागायचं आणि आता लागत नाही. त्याच्या मोठ्या बहिणीचा बोन मॅरो त्याला जुळला, ट्रान्सप्लांट झालं, आणि तेव्हापासून नात्यातले, सोसायटीतले, कोणाकोणाच्या ओळखीचे लोक मला फोन करतात की ताई तुमच्याकडे ते स्टेम सेलचं केलं होतं ना, मग आमच्या बाबांच्या पॅरालिसिसला होईल का, मुलाच्या ऑटिझमला होईल का, सासूबाईंच्या गुडघ्याला होईल का. बहुतेकांच्या हातात कुठल्यातरी क्लिनिकचं पत्रक असतं आणि लाखातला आकडाही सांगून झालेला असतो. फोनवर दरवेळी घाईघाईत काहीतरी राहून जातं म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, पण दीड वर्ष फाइल घेऊन हिंडले, वॉर्डच्या बाहेर बसले, डॉक्टरांना सतरा वेळा तेच तेच विचारलं, त्यातून जे पक्कं कळलं तेवढंच सांगते.

आधी विचारा, कुठल्या पेशी?

स्टेम सेल हे एका औषधाचं नाव नाहीये, इथेच सगळा घोळ होतो. स्टेम सेल म्हणजे मूळपेशी, जी स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि गरज पडली की दुसऱ्या कामाची पेशी पण बनते. पण कुठली मूळपेशी काय बनू शकते हे ठरलेलं असतं. बोन मॅरोमधल्या, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातल्या रक्ताच्या मूळपेशी लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट बनवतात. त्या मेंदू बनवत नाहीत. चिंचोका पेरून आंबा येत नाही तसंच हे. टोरोंटोमध्ये टिल आणि मॅककुलॉक या दोघांनी १९६१ मध्ये उंदरांवर प्रयोग करून या रक्त बनवणाऱ्या पेशी पहिल्यांदा दाखवून दिल्या. शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी बनू शकेल अशी मूळपेशी म्हणजे भ्रूणातली, ती माणसाच्या बाबतीत अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये वेगळी करून लॅबमध्ये वाढवली, आणि मग जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या कातडीच्या पेशीलाच मागे नेऊन तशी मूळपेशी बनवली, पुढच्या वर्षी माणसाच्या पेशीवर तेच केलं, त्यासाठी २०१२ चं नोबेल मिळालं.

आता क्लिनिकमध्ये जे देतात ते बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. पोटाच्या चरबीतून किंवा कंबरेच्या हाडातून थोडा भाग काढायचा, मशीनमध्ये फिरवायचा आणि परत टोचायचा, त्यात मूळपेशी किती आणि कुठल्या हे बऱ्याचदा कोणी मोजलेलंही नसतं. म्हणून पहिल्या भेटीत एवढं विचारा आणि वहीत लिहून घ्या: पेशी माझ्या की दुसऱ्या कोणाच्या, शरीरातून कुठून काढणार, लॅबमध्ये वाढवणार की नुसत्या गाळून देणार, आणि टोचणार कुठे, शिरेत, सांध्यात का पाठीच्या कण्यात. जो खरंच हे काम करतो त्याला या उत्तरांसाठी विचार करत बसायला लागत नाही. (पार्लरमध्ये केसांसाठी पीआरपी करतात ते स्टेम सेल नाही, ते तुमच्याच रक्तातलं प्लेटलेटचं पाणी असतं, आणि सफरचंदाच्या स्टेम सेलचं क्रीम विकतात त्याचा तर या सगळ्याशी काही संबंधच नाही.)

मग बघा की आजार कुठला आहे

रक्ताचे आजार असतील तर ही ट्रीटमेंट पक्की आहे, जुनी आहे, मोठमोठ्या सरकारी हॉस्पिटलांत होते. ल्युकेमिया, लिम्फोमा, मल्टिपल मायलोमा, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, थॅलेसेमिया, सिकल सेल, आणि जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेली काही बाळं. अमेरिकेत डॉ. डॉनॉल थॉमस यांनी १९५७ मध्ये या कामाचे पहिले निष्कर्ष छापले, सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट गेले तरी ते मागे हटले नाहीत, १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर असलेल्या माणसाने. हे मी मुद्दाम सांगते कारण ही मुंबईची गोष्ट आहे आणि आपल्याच लोकांना ती माहीत नसते. आता खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये टाटाचं ट्रान्सप्लांट युनिट आहे, बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि लहान मुलांच्या ट्रान्सप्लांटचं सेंटर आहे, वेल्लोरचं सीएमसी तर आहेच.

रक्ताचा आजार नसेल तर मात्र थांबा. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची संस्था, आणि केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाने २०१७ मध्ये नियमावली काढली, त्यात सरळ लिहिलंय की रक्ताच्या मूळपेशींचं ट्रान्सप्लांट, तेही ठरलेल्या आजारांसाठी, एवढंच रोजची ट्रीटमेंट म्हणून चालेल, बाकी सगळा वापर अजून संशोधनात मोडतो आणि तो परवानगी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे पेशंटवरच्या रीतसर चाचणीतच करायचा. आणि आता जे लिहिते ते पाठच करा, ट्रायल असेल तर त्या पेशींचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. पॅरालिसिससाठी, पार्किन्सनसाठी, सेरेब्रल पाल्सीसाठी, डोळ्यांच्या पडद्यासाठी कोणी लाखो रुपये मागत असेल तर त्याला शांतपणे विचारा, हे सिद्ध झालेलं आहे का संशोधन आहे? सिद्ध म्हणाला तर कागद मागा. संशोधन म्हणाला तर मग पैसे कशाचे ते विचारा.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती सांगितली नाही तर मी अर्धवट सांगितलं असं होईल. काही ठरावीक उत्पादनं ट्रायल पूर्ण करून औषध म्हणून मंजूर झालीयत. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्सचं स्टेम्प्युसेल २०२० मध्ये पायाच्या रक्तवाहिन्या बंद होण्याच्या एका गंभीर आजारासाठी मंजूर झालं, आणि २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी, तेही मधल्या टप्प्यावरच्या, झीज अगदी शेवटाला गेलीय अशा गुडघ्याला नाही. म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्याला कोणी इंजेक्शन सुचवलं तर लगेच फसवणूक म्हणू नका, पण उत्पादनाचं नाव विचारा, खोक्यावरचा लायसन्स नंबर बघा, एक्स-रेमध्ये ग्रेड कुठली आहे ते विचारा. "पोटातली चरबी काढून लगेच गुडघ्यात सोडतो" हे ते मंजूर औषध नव्हे.

आणि खरं संशोधन जोरात चाललंय, त्याचा मला मनापासून आनंद आहे. टाइप १ डायबेटिससाठी अमेरिकेतल्या व्हर्टेक्स कंपनीने मूळपेशींपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तयार केल्या, पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन टोचावं लागत नव्हतं, हे २०२५ मध्ये छापून आलं. पण त्या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत राहावं लागतं, आणि ही १२ माणसं आहेत, आपल्याकडचे लाखो डायबेटिसवाले नाहीत. सिकल सेलसाठी तर त्याच पेशंटच्या मूळपेशी बाहेर काढून, त्यातला जीन बदलून परत देण्याची ट्रीटमेंट आलीय, ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ च्या शेवटी मंजूर केली, अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. गडचिरोली आणि नंदुरबारमध्ये घराघरात सिकल सेल आहे, तिथल्या पोरांपर्यंत हे कधी पोचणार हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

ट्रायल आहे म्हणाले तर कसं तपासायचं

सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे, ऑनलाइन, फुकट बघता येते. २००९ पासून आपल्याकडच्या क्लिनिकल ट्रायलची तिथे नोंद करणं सक्तीचं आहे. क्लिनिककडून नंबर मागा, तो सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो, मग साल, महिना आणि पुढे आकडे. नंबर टाकला की पान उघडतं, त्यात चार गोष्टी बघा: आजार तुमचाच आहे का, हॉस्पिटलचं नाव तेच आहे का, एथिक्स कमिटीची मंजुरी लिहिलीय का, आणि ट्रायल अजून पेशंट घेतेय का संपलीय. नोंद इंग्रजीत असते, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला बसवा शेजारी.

पण नोंद आहे म्हणजे ट्रीटमेंट चांगली आहे असं नाही हां. अमेरिकेत फ्लोरिडात तीन म्हाताऱ्या बायकांची केस आहे, २०१७ मध्ये मेडिकल जर्नलमध्ये आली. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता, दिसत होतं पण कमी. क्लिनिकने पोटाच्या चरबीतून पेशी काढून दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या, प्रत्येकीकडून ५००० डॉलर घेतले, आणि तिघींची नजर गेली. तिथल्या सरकारी नोंदवहीत त्या क्लिनिकच्या नावाची नोंद होती, ती बघून त्यांना वाटलं की हे संशोधन आहे. दोन गोष्टी तिथेच खटकायला हव्या होत्या असं डॉक्टर सांगतात, पैसे घेतले आणि दोन्ही डोळे एकदम केले. कुठलाही शहाणा डोळ्यांचा डॉक्टर नवा प्रयोग आधी एकाच डोळ्यावर करतो.

खऱ्या ट्रायलमध्ये तुम्हाला माहितीपत्रक मिळतं, तुमच्या भाषेत, घरी नेऊन वाचायला वेळ देतात, मधेच नको म्हणायचा हक्क असतो, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई द्यायची हे २०१९ च्या नियमांत आहे. "आज बुकिंग केलं तर डिस्काउंट" असं ट्रायलमध्ये कधीच नसतं.

"तुमच्याच पेशी, साइड इफेक्ट शून्य"

हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते, तिचा मुलगा ऑटिस्टिक आहे, चार वर्षांचा. तिला स्टेम सेल क्लिनिकच्या काउन्सेलरने हेच सांगितलं, ताई तुमच्याच बाळाच्या पेशी आहेत, धोका कसला. चार वर्षांच्या पोराला भूल देऊन हाडातून मॅरो काढायचा आणि पाठीच्या कण्यात सुई घालून सोडायचा, यात धोका कसला? भूल हा धोका, इन्फेक्शन हा धोका, आणि त्या पैशात दोन वर्षांची स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी झाली असती ती गेली, हा सगळ्यात मोठा. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ च्या शेवटी सांगितलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेल ट्रीटमेंटची शिफारस करता येत नाही. तिने ते वाचलं, नवऱ्याला दाखवलं आणि अ‍ॅडव्हान्स भरायची थांबली. पोरगा आता थेरपीला जातो, परवा मला हाताला धरून लिफ्टपर्यंत घेऊन गेला.

दुसऱ्याच्या पेशी असतील तर आणखी वेगळं. इस्रायलचा एक मुलगा, मज्जासंस्थेचा दुर्मीळ आजार, आईवडील त्याला मॉस्कोला घेऊन गेले आणि गर्भातल्या मेंदूच्या पेशी टोचून घेतल्या. काही वर्षांनी मेंदूत आणि कण्यात गाठी सापडल्या, तपासल्यावर कळलं की गाठीतल्या पेशी त्याच्या नव्हत्याच, दात्यांच्या होत्या. २००९ मध्ये हे छापून आलं. वाढत राहणं हाच मूळपेशीचा स्वभाव आहे, त्यावर लगाम नसेल तर गाठ होते. अमेरिकेत २०१८ मध्ये नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या इंजेक्शनमधून किमान १२ जणांना बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालं, त्यातले बरेच सांधेदुखीसाठी गेले होते.

आणि पक्की, सिद्ध झालेली ट्रीटमेंट पण सोपी नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या मीटिंगमध्ये फायद्याचं बोलायच्या आधी पाऊण तास नुसते धोके सांगितले, माझी बहीण रडायला लागली तरी थांबले नाहीत, पाणी दिलं आणि पुढे सांगितलं. आधी जोरदार केमो देऊन पेशंटचा स्वतःचा मॅरो पूर्ण संपवतात. त्यानंतर जे येतं त्याला लोक ऑपरेशन म्हणतात पण ते ऑपरेशन नसतंच, रक्ताची पिशवी असते तशी पिशवी सलाइनसारखी लावतात. खरी परीक्षा मग सुरू होते. दोन ते चार आठवडे शरीरात लढायला पांढऱ्या पेशीच नसतात, तोंडात इतके फोड की थुंकी गिळवत नाही, केस जातात, खोलीत गाळलेली हवा, जेवण ताजं शिजवलेलं, कच्चं काही नाही. आम्ही रोज सकाळी काउंट विचारायचो. न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की नवा मॅरो धरला असं म्हणतात, त्या दिवशी सिस्टरने पेढे वाटले होते. पुढे दात्याच्या पेशी पेशंटच्याच कातडीवर, पोटावर, लिव्हरवर हल्ला करू शकतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात, भाच्याला कातडीवर झालं, औषधाने आटोक्यात आलं, सगळ्यांचं येत नाही. नवा मॅरो न धरणं, पुढे मूल न होणं, नंतर दुसरा कॅन्सर, हे सगळं कागदावर सही करायच्या आधी सांगतात. मूल न होण्याबद्दल मात्र तुम्हीच आठवणीने आधी विचारा, वयात आलेल्या मुलामुलींचे बीज जपून ठेवायची सोय केमोच्या आधीच करायला लागते. लहानपणीच्या लसी पण परत घ्यायच्या असतात, आणि दात्याचा ब्लड ग्रुप वेगळा असेल तर पेशंटचाच ग्रुप बदलतो, आमच्याकडे बी पॉझिटिव्हचा ओ पॉझिटिव्ह झाला.

थॅलेसेमियाच्या आईबापांसाठी दोन गोष्टी, ज्या आम्हाला उशिरा कळल्या. घरच्या माणसांचं रक्त मुलाला चढवू नका, त्याने पुढे नातेवाइकाचा मॅरो नाकारला जायचा धोका वाढतो. आणि शरीरातलं लोह कमी करायची औषधं एक दिवस चुकवू नका, लिव्हर जितकं चांगलं तितका ट्रान्सप्लांट चांगला होतो, म्हणून लहान वयात करायचं. सख्ख्या भावंडाचा एचएलए, म्हणजे मॅरो जुळतो का हे ज्यावरून ठरतं ती पेशींवरची खूण, पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. पैशासाठी हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडे पहिल्याच दिवशी जा, थॅलेसेमियासाठी कोल इंडियाच्या पैशातून चालणारी बाल सेवा योजना आहे, तिच्यात १० लाखांपर्यंत मदत मिळते.

बाळाच्या नाळेचं रक्त साठवायचं का

प्रत्येक गरोदर बाईला हा फोन येतो. नाळेच्या रक्तात रक्ताच्या मूळपेशी असतात हे खरं, पॅरिसमध्ये १९८८ मध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचं रक्त देऊन बरं केलं. पण नीट बघा, बहिणीचं दिलं, स्वतःचं नाही. बाळाला थॅलेसेमिया असेल तर तोच बिघडलेला जीन त्याच्या नाळेच्या रक्तातही असतो, मग ते त्याला काय कामाचं? स्वतःचं साठवलेलं रक्त स्वतःला पहिल्या २० वर्षांत लागायची शक्यता ०.०४ टक्के ते ०.०००५ टक्के, म्हणजे अडीच हजारात एक ते दोन लाखात एक. आयसीएमआर आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना दोघंही खासगी साठवणुकीला नको म्हणतात. घरात आधीच एखादं मूल अशा आजाराचं असेल आणि दुसरं बाळ येणार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तुमच्या रक्ताच्या डॉक्टरांशी आठव्या महिन्याच्या आधी बोला. दात, मासिक पाळीचं रक्त, नाळेचा तुकडा साठवायच्या स्कीम तर सरळ नाकारा, नियमावलीत त्याला परवानगीच नाही.

कोणी आधीच पैसे भरून बसलं असेल तर लाजू नका. पावत्या, पत्रकं, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळं जपून ठेवा आणि डॉक्टरबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करा. पॅरालिसिस, डायबेटिस असे आजार बरे करतो अशा औषधांच्या जाहिरातीवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, ती एफडीएला, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवता येते.

आणि द्यायचं असेल तर

हे मी प्रत्येक फोनच्या शेवटी सांगते. ज्यांना भावंडाचं जुळत नाही त्यांना परका माणूस लागतो, आणि आपल्याच समाजातला, आपल्याच भागातला जुळायची शक्यता जास्त असते, म्हणून मराठी मुलांनी नाव नोंदवायला पाहिजे. अशा दात्यांची नावं नोंदवून ठेवणाऱ्या संस्थांना रजिस्ट्री म्हणतात, चेन्नईची दात्री २००९ पासून आहे, बंगळुरूची डीकेएमएस फाउंडेशन आहे. वय १८ ते ५० मध्ये असेल, तब्येत चांगली असेल तर गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना देतात, तो कुरियरनेही पाठवता येतो. पुढे कोणाशी जुळलं तर बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शन आणि मग तीनचार तास मशीनला जोडून रक्तातूनच पेशी घेतात, इंजेक्शनच्या दिवसांत अंग आणि हाडं दुखतात, मग जातं. आईला सांगून, घरात बोलून मगच नाव द्या, कारण जुळल्यावर घरच्यांनी नको म्हटलं की तिकडे एखाद्याचं केमो ठरलेलं असतं. आणि मोबाइल नंबर बदलला तर रजिस्ट्रीला नक्की कळवा.